वडगावच्या घरातला पहाटेचा वास

बेळगावात वडगाव भागातलं एक दुमजली घर. खाली आजी-आजोबा, वर मुलगा, सून आणि नातवंडं. जूनच्या पहिल्या पावसापासून रोज पहाटे साडेपाचच्या सुमाराला खालच्या पुढच्या खोलीत कुजक्या अंड्यासारखा वास यायचा आणि आठपर्यंत विरून जायचा. "पहाटं उठलं की वास मारूलालाय बघा," ही आजींची तक्रार. दुपारी कुणाला बोलावून आणावं तर वास नाही, त्यामुळे येणारा प्रत्येक मेस्त्री हुंगून, मान हलवून परत जायचा.

सीमाभागातल्या घरांमध्ये जे दोष पुन्हापुन्हा दिसतात ते या प्रकरणात एका घरात आणून मांडले आहेत. पण त्यांची एकमेकांत झालेली गुंतागुंत मात्र अगदी अशीच असते. एका वासामागे एकच कारण शोधायला गेलं की माणूस फसतो तो इथेच.

घराची रचना

तळमजल्यावर पुढच्या खोलीला लागून पाहुण्यांसाठी संडास-बाथरूम आहे. एरवी ते कोणी वापरत नाही. मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून भांडी घासायची मोरी. वरच्या मजल्यावरचं संडास-बाथरूम बरोबर पाहुण्यांच्या बाथरूमच्या डोक्यावर. वरच्या मैल्याचं आणि अंघोळीचं पाणी एकाच ११० मिमी उभ्या पीव्हीसी पाइपमधून खाली येतं. खालच्या बाथरूमचा न्हाणी ट्रॅप ७५ मिमीच्या आडव्या पाइपने त्याच उभ्या पाइपला जोडलेला. तो पाइप पुढे चेंबरमध्ये, म्हणजे अंगणातल्या झाकणाच्या हौदात, आणि तिथून रस्त्याच्या भुयारी ड्रेनेजला. स्वयंपाकघर आणि मोरी यांचं पाणी मात्र वेगळ्या वाटेने, आधी बाहेरच्या गली ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीतल्या भांड्यात, आणि मग त्याच चेंबरला.

न्हाणी ट्रॅपला इथले गवंडी 'नानी ट्रॅप' म्हणतात. शब्द आपल्या न्हाणीचाच, फक्त घासून गुळगुळीत झालेला. फरशीच्या जाळीखाली वाकलेल्या भांड्यात पाणी साठून राहतं आणि ते पाणीच घराचं दार असतं. अलीकडे घर, पलीकडे ड्रेनेज, मध्ये सुमारे ५० मिमी उंचीचा पाण्याचा पडदा. यालाच वॉटर सील म्हणतात. हा पडदा शाबूत असेल तर पलीकडे कितीही घाण असो, घरात वास येत नाही. पडदा गेला तर घासून लख्ख केलेल्या बाथरूममधूनही वास येतो.

आधी काय करून झालं होतं

फिनेल रोज, तेही दुप्पट. जाळीत डांबराच्या गोळ्या. मग कुणीतरी सुचवलं म्हणून बाथरूमचं ॲसिड तीन-चार वेळा ओतलं. त्यानंतर चेंबरच्या झाकणाच्या कडा सिमेंटने बुजवल्या. शेवटी न्हाणी ट्रॅपची जाळी बदलली.

फिनेलने वास झाकला, तोही तासभर. डांबराच्या गोळ्यांनी दोन वासांचा एक तिसराच वास तयार केला. खरं नुकसान केलं ॲसिडने. बाजारात मिळणारं ॲसिड म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल. ते तुपा-तेलाचा आणि साबणाचा थर विरघळवत नाही, सिमेंट मात्र खातं. जाळीच्या कडेचा आणि ट्रॅपच्या गळ्याभोवतीचा सिमेंटचा भराव त्याने पोखरला. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. शिवाय ड्रेनेजच्या गाळात सल्फाइड असतात. त्यांच्यावर आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड वायू आणखी सुटतो, म्हणजे ज्याचा त्रास तोच वाढतो. आणि ॲसिडनंतर लगेच ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो थेट फुप्फुसांना इजा करतो. या दोन वस्तू एकाच दिवशी एकाच मोरीत जाऊ देऊ नयेत.

चेंबर बुजवल्याने काय झालं ते पुढे येईलच.

वासाची ओळख

तपास वासापासूनच सुरू करावा लागतो. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. प्राणवायू नसलेल्या मैल्यात आणि पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात राहणारे जिवाणू सल्फेटपासून तो तयार करतात. मैलापाण्याच्या बाजूचा कुठला तरी पडदा फुटला आहे असा त्याचा अर्थ. आंबट-खवट वास स्वयंपाकघराच्या पाण्याचा: दुधा-तुपाची भांडी, तांदूळ धुतलेलं पाणी, रश्श्याचा तवंग. नाकात झोंबणारा वास लघवीतल्या अमोनियाचा आणि तो बहुतेक वेळा कमोडच्या बुडाशी सांधा सुटल्यामुळे येतो. कुबट वास भिंतीतल्या ओलीचा, त्याचा ड्रेनेजशी संबंध नसतो.

या घरात दोन वास होते हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढच्या खोलीत अंड्याचा, स्वयंपाकघरात आंबट. घरातले सगळे त्याला 'तो वास' म्हणायचे आणि एकच समजायचे.

आणखी एक गोष्ट आधी तपासून बाजूला काढावी लागते. बोअरच्या पाण्यात सल्फेट असलं तर गिझरमधून येणारं गरम पाणीच अंड्यासारखा वास मारतं. गिझरच्या टाकीत गंज थांबवण्यासाठी मॅग्नेशियमचा दांडा असतो, त्याच्यामुळे टाकीतल्या जिवाणूंना ही क्रिया सोपी जाते. पेलाभर गरम पाणी घेऊन अंगणात जावं आणि तिथे वास घ्यावा. इथे पाण्याला वास नव्हता.

नाकाचा भरवसा मात्र बेताने धरावा. त्याच खोलीत झोपलेल्या माणसाचं नाक सरावतं. म्हणून रोज सकाळी वास आहे की नाही हे बाहेर फेरी मारून आलेल्या माणसाने सांगायचं, हे ठरवून घेतलं. हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत तर हे जिवावरचंही असतं. त्याचं प्रमाण हवेत दशलक्ष भागांत १०० भागांच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं. उघड्या चेंबरशी किंवा सेप्टिक टँकशी 'वास कमी झाला' म्हणजे धोका टळला असं अजिबात नाही.

पाण्याच्या पिशव्या

वास कुठून येतो हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. जाड प्लास्टिकच्या पिशवीत दीड-दोन लिटर पाणी भरून गाठ मारायची आणि ती पिशवी जाळीवर ठेवायची. पाण्याच्या वजनाने पिशवी जाळीच्या प्रत्येक खाचेत बसते आणि हवा बंद होते. बेसिनच्या तोंडाला रुंद चिकटपट्टी, आणि बेसिनच्या वरच्या कडेजवळचं ओव्हरफ्लोचं भोक विसरायचं नाही.

पहिल्या रात्री फक्त पाहुण्यांच्या बाथरूमची जाळी झाकली. पहाटे पुढच्या खोलीत वास नाही. दुसऱ्या रात्री ती उघडी ठेवून बाकीची सगळी तोंडं झाकली. पहाटे वास हजर, पण स्वयंपाकघरातला आंबटपणा नव्हता. तिसऱ्या रात्री पहिल्या रात्रीसारखंच करून खात्री केली. तीन रात्रींत दोन वास वेगळे झाले आणि त्यांची दारंही कळली.

अगरबत्तीच्या धुराने हवेचा ओढ बघायची पद्धत आहे. ड्रेनेजच्या तोंडाशी ठिणगी नेणं आम्हाला पटत नाही, कारण तिथे मिथेनही असू शकतो. पातळ कागदी रुमालाची बोटभर पट्टी धरली तरी ती हवेच्या दिशेने झुकते. पाहुण्यांच्या बाथरूमच्या जाळीवर ती पट्टी वरच्या बाजूला फडफडली, आणि तीही फक्त स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असताना.

इथे पहाटेचं कोडं निम्मं सुटलं. मुलगा उद्यमबागेत पहिल्या पाळीला जातो. त्याच्या चहासाठी पाचला पंखा लागतो. पावसामुळे खिडक्या बंद. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते, आणि बंद घरात सगळ्यात सोपी वाट होती पाहुण्यांच्या बाथरूमची जाळी. पाहुण्यांचं बाथरूम, पुढची खोली, मग स्वयंपाकघर, असा वास चालत जायचा. आठला दारं-खिडक्या उघडल्या की संपला.

पण शाबूत सीलमधून पंख्याला हवा ओढता येत नाही. ५० मिमी पाणी सुमारे ४९० पास्कल दाब पेलतं आणि घरगुती एक्झॉस्टचा ओढ फार तर काही दशक पास्कलांचा. म्हणजे सील आधीच गेलेलं होतं, पंख्याने फक्त वास घरभर नेला.

खराट्याची काडी

न वापरलेल्या ट्रॅपमधलं पाणी वाळतं, हे सगळ्यांना माहीत असतं. या घरातही आजोबांना माहीत होतं. ते दर रविवारी बादलीभर पाणी ओततही होते. तरी सोमवारी-मंगळवारी वास परत. भर पावसाळ्यात, हवा दमट असताना, दोन दिवसांत ५० मिमी पाणी वाळेल हे शक्य नाही. पाणी कुणीतरी ओढून नेत होतं.

ते पकडायला खराट्याची एक काडी पुरली. जाळी काढली, ट्रॅप काठोकाठ भरला, काडी बुडाला टेकवून उभी धरली आणि पाण्याच्या पातळीपाशी तिच्यावर दोरा बांधला. मग वरच्या मजल्यावर फ्लश ओढायला सांगितलं आणि बॅटरीच्या उजेडात नुसतं बघत बसलं. आधी पाणी काठाकडे बोटभर उचललं गेलं. एक मोठा बुडबुडा वर येऊन फुटला आणि त्याच क्षणी तो ओळखीचा वास आला. मग गुडगुड असा आवाज झाला आणि पाणी खाली ओढलं गेलं. थरथर थांबल्यावर काडी पुन्हा बुडवली: दोऱ्याच्या खाली १५ मिमी कोरडी. दुसऱ्या फ्लशनंतर २६. चौथ्यानंतर ४०च्या पुढे.

ही मोजणी प्रत्येकाने करून बघावी. सील म्हणजे ट्रॅपमधली पाण्याची एकूण खोली नव्हे. आतल्या पडदीच्या खालच्या काठापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर तेवढं सील. म्हणून खाली वाटीभर पाणी दिसत असूनही दार उघडं असू शकतं, आणि 'पाणी तर आहे की' म्हणत मेस्त्री निघून जातो. फ्लशनंतर निदान २५ मिमी सील उरलं पाहिजे.

वरच्या मजल्यावरच्या ट्रॅपमधलं पाणीही असंच ओढलं जात असणार. पण तिथे रोज अंघोळी होतात, दर वेळी ट्रॅप पुन्हा भरतो. वापरातला ट्रॅप आपली जखम आपणच भरून काढतो. पाहुण्यांच्या बाथरूमचा दोष एवढाच होता की तिथे कुणी अंघोळ करत नव्हतं. बिघाड दुसरीकडे होता.

गच्चीवर

उभ्या पाइपमधून फ्लशचं ६ ते १० लिटर पाणी एकदम खाली येतं तेव्हा ते पिचकारीच्या दट्ट्यासारखं वागतं. पुढची हवा ढकलतं, मागची ओढतं. ढकललेल्या हवेला आणि ओढायच्या हवेला वाट मिळावी म्हणूनच उभा पाइप गच्चीच्या वर उघडा सोडतात आणि त्याच्या डोक्यावर जाळीची टोपी, म्हणजे काऊल, बसवतात. हवेच्या या वाटेलाच व्हेंट म्हणतात. ही वाट बंद झाली की पाणी हवा शोधतं ती सगळ्यात जवळच्या ट्रॅपमधून.

मे महिन्यात या घराच्या गच्चीवर पत्र्याचं शेड झालं होतं. इथला पाऊस बघता बेळगावात अनेक गच्च्यांवर ते करतात. व्हेंट पाइप पत्र्याच्या आड येत होता. शेडवाल्यांनी तो पत्र्याखाली वीतभर अंतरावर कापला, आणि शेडमध्ये वास नको म्हणून त्याला एंड कॅप घट्ट बसवली. त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर काम नीटनेटकं होतं. मे महिन्यात शेड आणि जूनमध्ये वास, पण घरात सगळ्यांनी दोष दिला पावसाला. वडगावात बळ्ळारी नाल्याची सवय असलेल्या माणसाला पावसाळी वास म्हटलं की आधी बाहेरचाच विचार सुचतो.

पावसाचाही हात होता, पण वेगळ्या वाटेने. शेडच्या पन्हळीचं पाणी ज्या पाइपने खाली यायचं तो सरळ ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला निघाला. हिशेब करून बघू. १००० चौरस फूट पत्रा म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. तासाभरात २५ मिमी पाऊस पडला तर ९३ गुणिले ०.०२५, म्हणजे २.३ घनमीटर, २३०० लिटर पाणी. दोन-तीन कुटुंबांच्या दिवसभराच्या सांडपाण्याएवढं पाणी एका तासात त्या छोट्या चेंबरमध्ये. चेंबर तुंबायचा, आतली हवा दाबली जायची. व्हेंट बंद, चेंबरच्या कडा सिमेंटने बुजवलेल्या. हवेला उरला फक्त घरातला ट्रॅप. जोराच्या सरीनंतर कधीकधी भर दुपारीही वास यायचा तो यामुळे.

दुरुस्ती

व्हेंट सगळ्यात आधी. बाकी काहीही आधी केलं तर मोजणी फसते.

कॅप कापून काढली. पत्र्याला पाइपपेक्षा थोडं मोठं भोक पाडून ११० मिमीचा तुकडा वर नेला. सॉल्व्हंट सिमेंटचा, म्हणजे पीव्हीसी चिकटवायच्या द्रवाचा, सांधा करताना दोन्ही टोकं कोरड्या फडक्याने पुसायची, पॉलिश कागदाने हलकं घासायचं, दोन्हीकडे पातळ थर लावायचा, आत सारताना पाव फेरा फिरवायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं. पत्र्याच्या भोकाभोवती रबरी कॉलर आणि सिलिकॉन सीलंट. नुसतं सीलंट भरलं तर उन्हात पत्रा प्रसरण पावतो आणि पहिल्या उन्हाळ्यातच भेग पडते. छपराच्या वर पाइप निदान ६० सेमी हवा. गच्ची उघडी आणि वावरती असेल तर २ मीटर. आणि ३ मीटरच्या आत कुणाची खिडकी असेल तर तिच्या माथ्यापेक्षाही २ मीटर वर. शेजाऱ्याशी भांडण टाळायचं असेल तर शेवटची अट काटेकोर पाळावी, कारण व्हेंटला कॅप बसण्याचं दुसरं मोठं कारण शेजाऱ्याची तक्रारच असतं. शेवटी काऊल आणि भिंतीला दोन क्लॅम्प.

फक्त हवा आत घेणारा व्हॉल्व्ह शेडखालीच बसवावा, पत्रा फोडायला नको, असाही एक सल्ला आला. तो व्हॉल्व्ह ओढ भागवतो, पण दाब बाहेर सोडत नाही. या घरात दोन्ही त्रास होते, म्हणून उघडा पाइपच हवा होता.

पुन्हा काडी. एका फ्लशला पातळी २ मिमी खाली गेली, दुसऱ्याला जेमतेम हलली, चार फ्लशनंतर एकूण ५ मिमी. बुडबुडा नाही, गुडगुड नाही.

मग पन्हळीचा पाइप चेंबरपासून तोडून पावसाळी गटाराकडे वळवला आणि चेंबरमधलं भोक विटेच्या तुकड्याने व सिमेंटने बंद केलं. ज्यांच्या परसात आड आहे त्यांनी हे पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून आडाकडे न्यावं, पहिल्या दोन-तीन पावसांचं सोडून. चेंबरच्या झाकणाचं सिमेंट फोडलं. झाकण घट्टच हवं, पण उघडता येईल असं. कडेला ग्रीस लावून बसवलं की वास येत नाही आणि सफाईच्या दिवशी छिन्नी लागत नाही.

स्वयंपाकघरातला दुसरा वास

इथे ड्रेनेजचा वायू नव्हता, कारण बाहेरचा गली ट्रॅप शाबूत होता. वास होता सिंक ते गली ट्रॅप यांच्यामधल्या पाइपच्या आतल्या चिकट थराचा. तो घरात यायचा ती फट सिंकखाली उकिडवं बसलं की दिसते: सिंकचा वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप जमिनीतल्या ७५ मिमी पाइपमध्ये नुसता खोचलेला, भोवती दोन बोटांची मोकळी जागा आणि तिच्यात कोंबलेली जुन्या लुगड्याची चिंधी. झुरळंही याच वाटेने येतात.

लवचिक पाइप वाकवून त्याचाच ट्रॅप करण्याची चाल इथे फार आहे. तो बाक दोन-चार महिन्यांत सैलावतो आणि प्रत्येक वळ्यात भाताची शितं अडकतात. तो काढून ४० मिमीचा साधा बाटली ट्रॅप बसवला आणि त्याचा पाइप जमिनीतल्या पाइपमध्ये रबरी रिड्यूसर रिंगने घट्ट केला. एका सिंकला एकच ट्रॅप. बाटली ट्रॅपच्या खाली पुन्हा बाकदार पाइप लावला तर दोन्हींमध्ये हवा अडकते आणि पाणी थांबतं.

जुन्या पाइपचा थर काढायला आधी लांब ब्रश, मग बादलीभर गरम पाण्यात तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा. पाणी हाताला चटका बसेल इतपतच, उकळतं नको. पीव्हीसी ८० अंशांच्या जवळ मऊ पडतो आणि उताराला पोक येतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस बघण्यात समाधान आहे, पण ती दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि तुपाचा थर आहे तिथेच राहतो.

मोरीत वेगळीच गंमत सापडली. तिथे उथळ ट्रॅप होता. त्यात जाळीखाली एक उलटी वाटी असते आणि तीच सील करते. पाणी हळू जातं म्हणून कधीतरी वाटी काढून ठेवली ती खिडकीत, साबणाच्या पेटीशेजारी, गंज चढलेली सापडली. घासून परत बसवली. अशा ट्रॅपचं सील जेमतेम एक-दोन सेंटीमीटर असतं, म्हणून वाटी आठवड्यातून एकदा काढून धुवायची आणि त्याच मिनिटाला परत ठेवायची.

उरलेला वास

सगळं झाल्यावर चार दिवस घर स्वच्छ होतं. पाचव्या दिवशी पाहुण्यांच्या बाथरूममध्ये पुसटसा वास पुन्हा. काडीने सील पूर्ण दाखवलं, पाण्याच्या पिशवीनेही वास थांबेना. म्हणजे हवा पाण्यातून येत नव्हती, बाजूने येत होती.

जाळीच्या चौकटीभोवती साबणाचं घट्ट पाणी ब्रशने लावलं आणि वरच्या मजल्यावर बादलीभर पाणी एकदम सोडलं. चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात बारीक फुगे उमटले. ॲसिडने पोखरलेली हीच ती जागा. खालच्या पाइपचा आणि ट्रॅपच्या गळ्याचा सांधाही तिथेच सुटलेला होता. कोपऱ्यातली एक फरशी उचलली, सांधा साफ करून नवा केला, भराव दोन दिवस कोरडा होऊ दिला आणि चौकटीच्या कडेला एपॉक्सी ग्राउट भरलं. पांढरं सिमेंट स्वस्त पडतं, पण या घरात पुन्हा ॲसिड ओतलं जाण्याची भीती होती.

हेच घर दुसरीकडे असतं तर

खानापूर तालुक्यात भुयारी ड्रेनेजऐवजी बहुतेक ठिकाणी सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असतो. लाल माती आणि जांभा उन्हाळ्यात पाणी भराभर पितो. जुलै-ऑगस्टात मात्र जमिनीतलंच पाणी वर येतं आणि खड्डा बाहेरून भरतो. मग टाकीतलं पाणी हलत नाही, कमोड सावकाश उतरतो आणि ट्रॅपमध्ये बुडबुडे येतात. तिथे आधी टाकीचा व्हेंट उघडा आहे का आणि दोन-तीन वर्षांत गाळ काढला आहे का हे बघावं. गाळ काढायला सक्शन टँकरच बोलवायचा. माणसाला संरक्षक साधनांशिवाय टाकीत उतरवणं हा २०१३च्या हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे, आणि एकामागून एक माणसं टाकीत मरतात ती पहिल्याला वाचवायला उतरल्यामुळे.

निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या काळ्या मातीत त्रास वेगळा. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पुरलेला पाइप वर्षातून दोनदा हलतो. ४ इंची पाइपला दर ४० फुटांना १ फूट उतार ठेवला तरी दोन-तीन वर्षांत मधे पोट येतं, त्यात मैला साठून कुजतो. तिथे पाइपखाली आणि भोवती वाळूचा निदान १०० मिमी थर द्यावा आणि सांधे रबरी रिंगचे ठेवावेत. चिकटवलेला ताठ सांधा मातीबरोबर हलू शकत नाही, तडकतो.

पुढची देखभाल

पाहुण्यांच्या बाथरूममधल्या बेसिनचं पाणी त्याच न्हाणी ट्रॅपमध्ये पडतं. म्हणून बादली उचलायची गरज नाही, बेसिनचा नळ मिनिटभर सोडला की पुरे. कमोडचंही सील वाळतं, तिथे एक फ्लश. आजींनी त्यासाठी शनिवार ठरवला, बाजाराला निघण्याआधी. महिनाभर गावाला जायचं असेल तर ट्रॅप भरून वर दोन चमचे शिलाई मशीनचं तेल सोडायचं. त्याचा तवंग पाणी उडू देत नाही. खायचं तेल नको, ते खवट होतं आणि मुंग्या येतात.

जुलैच्या मोठ्या पावसात एकदा काडी पुन्हा बुडवली. वर दोन अंघोळी आणि तीन फ्लश होऊन गेले होते, पन्हळ धो धो वाहत होती. दोऱ्याच्या खाली ६ मिमी कोरडी. काडी आता बेसिनच्या आरशामागे ठेवलेली असते.